कवेलूवाले पास्टर

आमचे पास्टर चर्चमध्ये शिरले की आधी मान वर करून छप्पर न्याहाळायचे आणि मगच प्रार्थनेला डोळे मिटायचे. नवख्या माणसाला वाटे, स्वर्गाकडे बघताहेत. ते बघत असत माकडांनी फोडलेले कवेलू, म्हणजे छपराची कौलं.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथलं मेथडिस्ट चर्च मिशनऱ्यांनी बांधलं. जाड दगडी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर छप्पर पेलणाऱ्या, जंगलातल्या सागाच्या तिकोनी कैच्या आणि त्यांच्यावर गावच्या कुंभाराचे कवेलू. "भिंती सायबाच्या, टोपी आपली," असं पास्टर म्हणत.

दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागत. सगळे उतरवायचे, फुटके काढायचे, पालापाचोळा झाडून पुन्हा रचायचे. आम्ही खाली रांगेत हातोहात कवेलू देत उभे आणि पास्टर लुंगी खोचून वर.

"अन्नाबाई, कवेलू हाय थो, पोळी नाई. हळू द्या."

"मंग तुमी या खाली, मी चढतो वर," रांगेतल्या अन्नाबाई म्हणत, आणि सगळी रांग हसे.

एवढं करूनही उपासनेत कधी डोक्यावर थेंब पडलाच, तर उपदेश न थांबवता ते म्हणत, "देवानं पानी देल्लं, आपन जरा सरकून बसू."

मग आमच्या कमिटीने स्लॅब टाकायचं ठरवलं. मी चिटणीस होतो. उन्हाळा आला तसा पास्टरांनी फेरणीचा विषय काढला. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी कवेलू निघूनच राह्यले. काऊन मेहनत करता?"

"चिटणीसभाऊ, मधात एक पावसाळा हाये ना."

मी ऐकलं नाही. कोणीही जायचं नाही, असं घरोघर कळवलं. पास्टर एकटेच शिडी लावू लागले, तर ती शिडीही मी उचलून नेली.

त्या पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरलं. एक कैची भिंतीतून सुटून खाली आली आणि पश्चिमेची भिंत खिडकीसकट खचली. चौकशीला चर्चचे वरिष्ठ आले. पास्टरांशेजारी मी उभा होतो. ते एवढंच बोलले, "फेरनी राहून गेली." कोणामुळे, ते सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. वार्षिक परिषदेत पाळकांच्या नव्या नेमणुका वाचल्या गेल्या, तेव्हा त्यांचं नाव दूर सिरोंचाकडच्या गावापुढे होतं.

वर्धापनदिनी चर्चचा इतिहास वाचतात. 'तत्कालीन पाळकांच्या दुर्लक्षामुळे भिंत खचली,' हे त्यातलं वाक्य माझं आहे.

निवृत्तीनंतर ते चंद्रपूरला मुलीकडे राहत. क्षमा मागायची म्हणून गेलो. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारलं, "स्लॅब गळते का, भाऊ?"

"गळते."

"कुठी?"

"दारापाशी."

"मंग बरं. म्हातारे लोकं पुढं बसतेत."

मी चहा पिऊन परत आलो. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

यंदा इतिहास वाचायला मीच उभा राहिलो. त्या वाक्यापाशी थांबलो आणि म्हणालो, "हे खोटं आहे. पास्टर कवेलू फेरणार होते. मी अडवलं."

अन्नाबाई आता थकल्यात, कानही गेलेत. त्या पुढच्या बाकावरून म्हणाल्या, "जोरानं बोल ना भाऊ, इकडं आयकू येऊन नाई राह्यलं."

मी पुन्हा सांगितलं, जोराने.