आवाज बसला ते वर्ष

लग्नानंतर नगर जिल्ह्यातून आम्ही महाडला आलो. नवऱ्याला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मला पुढे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली. कारखान्यांमुळे इकडे आलेली आमच्यासारखी पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं होती. जवळपास चर्च नव्हतं, म्हणून रविवारची उपासना आमच्याच भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर सुरू झाली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा पनवेलहून यायचे. बाकीचे रविवार माझे.

‘माझे’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे. पेटी मी वाजवायची, गाणी मी उचलायची, प्रार्थना मी करायची, आणि बायबलमधलं वचन कुणी अडखळत वाचायला लागलं की पुढचा शब्दही मीच सांगायची. आवाज खणखणीत होता. चौथीपर्यंतच्या तीस पोरांना मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला थांबवू शकत होते. लोक म्हणायचे, बाईंच्या प्रार्थनेत ताकद आहे. मला ते खरं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. पुण्याला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाल्या, काढून टाकू, घाबरण्यासारखं काही नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांनी हेही सांगितलं होतं, की गाठीला चिकटून आवाजाची नस असते, क्वचित ती दुखावते. मी सही करताना ते ऐकल्यासारखं केलं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. शुद्धीवर आले आणि नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली.

“सहा महिन्यांत येईल बहुतेक,” डॉक्टर म्हणाल्या. “बहुतेक” या शब्दावर मी महाडपर्यंत आले.

शाळेचं मला सगळ्यात जास्त भय वाटत होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘बाईंचा आवाज बसला आहे.’ एका मुलीने वाचलं आणि विचारलं, “बाई, कुठं बसलाय?” सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण त्या हसण्याचा आवाजच नव्हता, म्हणून ती पोरं आणखी हसली. मग एक गंमत झाली. मी कुजबुजत शिकवायला लागले आणि ऐकू यावं म्हणून पोरं गप्प बसायला लागली. हळूहळू तीही कुजबुजायला लागली. पाढेसुद्धा कुजबुजत. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, दारात थबकले आणि दबक्या आवाजात मला विचारलं, “कुणी आजारी आहे का?”

घरी मात्र हसू येत नव्हतं. रविवारी मंडळी जमली की मी स्वयंपाकघरात जाऊन चहाची भांडी आपटायची. पेटी वाजवायला हात धडधाकट होते, पण गाता येत नाही तर वाजवायची कशाला, असा माझा हट्ट. आणि प्रार्थना? मला प्रार्थना म्हणजे मोठ्याने बोलणंच माहीत होतं. डोळे मिटून मनातल्या मनात बोलायला बसलं, की डोक्यात डाळ भिजत घातली की नाही हे यायचं.

तेव्हा प्रार्थना करायची पाळी नवऱ्यावर आली. हा माणूस चारचौघांत कधी बोललेला नाही. त्याची नोकरी बॉयलरवर, आणि पाळी संपताना पुढच्या माणसाला काय चालू, काय बंद हे सांगायचं, एवढंच त्याचं वक्तृत्व. पहिल्या रविवारी तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, “प्रभू, या आठवड्यात सगळं ठीक आहे. दोघांना सर्दी आहे. एकाच्या मुलाची दहावी आहे. माझ्या बायकोचा आवाज अजून चालू झालेला नाही. त्याकडे लक्ष असू दे. आमेन.”

मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून हसत होते. हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. माझ्यासाठी इतकी साधी प्रार्थना कुणी केल्याचं मला आठवत नव्हतं. कशी आठवणार? मी कुणाला करूच दिली नव्हती.

खाली घरमालकीण चाची राहायच्या. त्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला. सून आणि चाची, दोघीच घरात. ऑपरेशननंतर त्या मला रोज सूप पाठवायच्या. एक दिवस स्वतःच जिना चढून आल्या, धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, “गो बाई, तुझा आवाज गेला तसा मला रविवार कळत नाय. आधी तू गायला लागलीस की मी टीवी बारीक करायची.”

“इतकी वर्षं त्रास होत असेल तुम्हाला,” मी कुजबुजले.

“तरास कसला? ती एक बाई येते ना तुमच्यात, फार बेसूर गाते. तिचा तरास हाय. पण ती तरी गाते. तू वाजवीत पण नाय.”

मी त्या रविवारी पेटी काढली. बेसूर गाणाऱ्या त्या बाई, एका दवाखान्यात आया आहेत त्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी सूर धरला, त्यांनी दुसराच धरला, आणि बाकीची मंडळी मधे कुठेतरी येऊन मिळाली. उपासना झाली. छान झाली.

फेब्रुवारीत पुण्याला पुन्हा तपासणी. नाकातून कॅमेरा घालून डॉक्टरांनी पडद्यावर मला माझेच स्वरतंतू दाखवले. एक हलत होता. दुसरा पडून होता. “कदाचित असाच राहील,” त्या म्हणाल्या. “शाळेसाठी माइक घ्या.” घशाचे व्यायाम मात्र चालू ठेवायला सांगितले. ग्लासात पाणी घेऊन नळीने त्यात बुडबुडे काढत गुणगुणायचं, दिवसातून चारदा.

परतीची एसटी ताम्हिणी घाटात बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत वाकला, प्रवासी रस्त्यावर उतरले. नवऱ्याला रजा नव्हती, मी एकटीच होते. कठड्यावर बसले. ऊन छान होतं, झाडांत पाखरं ओरडत होती, त्यांचाही मला राग आला. आणि मग मी देवाशी भांडले. मनातच. ‘हे दयाळू पित्या’ वगैरे काही नव्हतं त्यात. तुझ्यासाठीच गात होते ना? मग हेच का घेतलंस? हात घ्यायचा, पाय घ्यायचा. पोरांना शिकवायचं कसं मी? असं किती वेळ चाललं माहीत नाही. बोलून बोलून संपलं, तेव्हा लक्षात आलं, की इतका वेळ मी कुणाला ऐकवत नव्हते. शब्द सजवले नव्हते. मधे डाळही आठवली नव्हती. आणि समोर कुणीतरी सगळं ऐकून घेत होतं, हे मला त्या कठड्याइतकं घट्ट जाणवत होतं. उत्तर काही आलं नाही. भूक मात्र कडकडून लागली. गाडी सुरू झाल्यावर माणगावला उतरून मी दोन वडापाव खाल्ले.

त्या दिवसापासून मला गप्प राहून प्रार्थना करता यायला लागली. शाळेला जाताना मिनीडोर रिक्षात, दळणाच्या रांगेत, कुठेही. आवाज परत दे, हे मागणं चालूच होतं, पण तो नाही आला तरी हे बोलणं थांबणार नाही, एवढं मला समजलं होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी पोरं बाहेर कवायत करत होती, मी वर्गात पोहे वाटायच्या थाळ्या मोजत होते. वळून बघते तर टेबलावर पुढचे पाय ठेवून एक बकरी हजेरीपट खात होती. “हाड!” मी ओरडले.

ओरडले! घोगरा, फाटका, पण आवाज होता. बकरीपेक्षा मीच दचकले. पोरं धावत आली. “बाई, परत बोला!” मी म्हटलं, “हाड.” मग तीसच्या तीस पोरं “हाड! हाड!” करत नाचायला लागली, आणि बकरी अर्धा मार्च महिना तोंडात घेऊन पळाली. चाचींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढे सगळे दुआ करीत होते, आन काम केलं बकरीनं!” आणि डोळे पुसत हसत राहिल्या.

आवाज पूर्ण आला नाही. वरच्या पट्टीत आता गाता येत नाही. प्रार्थना मंडळीत पाळीपाळीने होते. दहावीतला तो मुलगा, आता कॉलेजात आहे, सगळ्यांत उत्तम करतो. हे सगळे मला आधी का ऐकू आले नव्हते, याचं उत्तर मला माहीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांच्या आईला पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. शाळेच्या खालच्या वाडीत त्यांचं शेतावरचं घर आहे. मुख्याध्यापक संकोचत मला म्हणाले, “बाई, तुम्ही या त्रासातून गेलाय. आईकडे जरा बसाल?” मी शनिवारी शाळा सुटली की जाऊ लागले. आजी अंगणात वाल सोलत असायच्या, एका हाताने. मी दुसरा हात व्हायची. बोलायचं काही नाही. मनात मी त्यांच्यासाठी माझ्या देवाशी बोलायची. सरांनी एकदा विचारलं, “आईपाशी तुम्ही नेमकं करता काय?” खरं तेच सांगितलं, “गप्प बसते. आणि मनात प्रार्थना करते, तुमची हरकत नसेल तर.” ते म्हणाले, “करा की. ती सकाळपासून वाट बघते तुमची.”

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी सर आईपुढे उभे राहून बोलत होते. औषध घेतलंस का, ऊन लागतंय का, आत नेऊ का, चहा देऊ का. आजींनी हातातला वाल खाली ठेवला, मान वर केली आणि स्पष्ट म्हणाल्या, “गप.”

सर गप्प झाले. मग आम्ही तिघंही इतके हसलो, की त्यांची बायको पिठाच्या हाताने धावत बाहेर आली. आता आजींना पंधरा-वीस शब्द येतात. त्यातला एक ‘जेव’ आहे, आणि तो त्या मला दर शनिवारी ऐकवतात.