ट्रेलरचा ब्रेक मी निवडला होता

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या एका वर्कशॉपमध्ये मी सुभेदार होतो. गाड्या तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि रस्त्यावर जायला लायक आहेत असं लिहून सही करायची, हे माझं काम. साडेसहाला पीटी, आठला फॉल-इनची हजेरी, मग दिवसभर ग्रीस.

त्या हिवाळ्यात मोठ्या जनरेटरसाठी नवा ट्रेलर आला. त्याला ब्रेक कोणता बसवायचा, हे मला ठरवायचं होतं. एअर ब्रेक असेल तर ड्रायव्हरने पेडल दाबलं की ट्रकबरोबर ट्रेलरचीही चाकं धरतात. पण त्यासाठी आमच्या जुन्या ट्रकांना मागे हवेची लाइन काढावी लागणार होती. दुसरा ओव्हररन ब्रेक. ट्रक हळू झाला की ट्रेलर त्याला मागून रेटतो, आणि त्या रेट्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधी रचना. ट्रकला हात लावायला नको. मी ओव्हररन निवडला.

हवालदार मारुती खोब्रागडे हा आमचा सर्वांत जुना ड्रायव्हर. भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडचा. बोलायचा कमी. मैदानावरची ट्रायल चांगली झाली, तरी तो ट्रेलरभोवती फिरत राहिला.

"साहेब, जनरेटरची डिझेलची टाकी भरून एकदा उतारावर बघायचं का?"

"दिल्लीत उतार आहे कुठे, मारुती?"

तो हसला. मीही हसलो आणि सही केली.

दोन दिवसांनी जनरेटर फरीदाबादला पोचवायचा हुकूम आला. नऊला निघालो. पुढे जिप्सीत मी, मागे ट्रक आणि ट्रेलर. स्टिअरिंगवर मारुती, त्याच्या डावीकडच्या सीटवर रेडिओ घेऊन नाईक रामपाल. ऑफिसच्या वेळेची गर्दी होती. दर थांब्याला ट्रेलर ट्रकला रेटत होता आणि त्याचे ब्रेक तापून पकड सोडत होते. पुढे बसून मला ते कळलं नाही.

दहा चाळीसला आम्ही एका फ्लायओव्हरवरून उतरत होतो. खाली सिग्नल लाल. ऑटो, स्कूटर, एक भरलेली बस उभी. रेडिओ वाजला.

"सर, ट्रेलर के ब्रेक से धुआं आ रहा है."

"गाडी रोको."

"रुक नहीं रही, सर. पीछे से धकेल रहा है."

मग मारुतीचा आवाज. रामपालने माइक त्याच्या तोंडापुढे धरला असणार.

"साहेब, बाजूला व्हा. मी उजवीकडे घालतो."

माझ्या ड्रायव्हरने जिप्सी डावीकडे दाबली. ट्रक शेजारून गेला, दुभाजकावर चढला आणि मेट्रोच्या खांबावर आदळला. बस दहा पावलांवर होती. आतली माणसं जागेवर बसूनच बघत होती.

मी धावलो. रामपाल रस्त्यावर बसला होता, कपाळ फुटलेलं. "उस्ताद को देखो," एवढंच म्हणत होता. केबिनची ड्रायव्हरची बाजू राहिलीच नव्हती. मी हात आत घातला. मनगट सापडलं. नाडी नव्हती. मी घड्याळ पाहिलं आणि डायरीत दहा त्रेचाळीस लिहिलं. का लिहिलं, मला अजून सांगता येत नाही.

दुपारी त्याच्या क्वार्टरवर गेलो. वहिनींनी उंबऱ्यात उभं राहूनच ऐकून घेतलं.

"त्यांची काही चूक झाली का, भाऊजी?"

"नाही. ब्रेक मी निवडला होता."

त्यांनी मान हलवली आणि खाली बसल्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तेच सांगितलं. ब्रेक निवडताना मी धरलेलं वजन रिकाम्या टाकीचं होतं; त्या दिवशी टाकी भरलेली होती. मारुतीने विचारलं होतं आणि मी हसलो होतो, हेही सांगितलं. मला शिक्षा झाली. ती बरोबर होती. पुढे अशा प्रत्येक ट्रेलरला एअर ब्रेक लागला.

रामपालची साक्ष शेवटी झाली. डावीकडे फ्लायओव्हरच्या उताराची भिंत जवळ होती, मग खोब्रागडेने गाडी उजवीकडे का घातली, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

रामपाल म्हणाला, "सर, उस्ताद ने पहले बाएं ही देखा था. उधर मैं बैठा था."

खोलीत कोणी काही लिहीना.

हवालदार मारुती खोब्रागडे. वय एक्केचाळीस. समोर शत्रू नव्हता, म्हणून त्याचं नाव कुठल्याच स्मारकावर नाही. ते मी इथे लिहितो आहे.