वेशीची घरपट्टी

१ मे १९९८, सकाळी साडेनऊ, शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. रक्कम अठरा हजार रुपये. हजर: सरपंच, ग्रामसेवक, पाच सदस्य आणि गावकरी. हजेरीच्या वहीत सह्या एकशे चार पडल्या. माणसं मी मोजली, ती मला धरून तेवीस होती. अठरा हजार आले होते रस्ता रुंद करायला, आणि रुंदीच्या आड येत होती गावची वेस. ती पाडायचा ठराव चार मिनिटांत झाला. विरोधात हात एक, माझा.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेजवळ. वेस म्हणजे दोन बुरूज आणि मध्ये कमान, सगळं काळ्या दगडाचं. कमानीखाली रुंदी नऊ फूट चार इंच. बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, उसाने लादलेला ट्रक जात नाही. तरी आदल्या हंगामात एकाने घातलाच. उजव्या बुरुजाचे अकरा दगड निसटले. ते मी त्याच दिवशी बाजूला रचून ठेवले, कारण असे मोकळे दगड आठवड्याभरात कोणाच्या तरी गोठ्याच्या पायात जातात. गावात यायला ओढ्याकडून दुसरी वाट आहे. तिकडून चारशे दहा पावलं जास्त पडतात, एवढंच. हे मी सभेत सांगितलं.

सरपंच म्हणाले, “भाऊ, ट्रकवाला पावलं मोजत न्हाई. तुमी मोजता.”

तेवीस माणसं हसली. बावीस म्हणायला हवं.

माझ्या घराची भिंत उजव्या बुरुजाला लागून आहे. बुरूज गेला असता तर माझा ओटा थेट रस्त्यावर आला असता आणि भाड्याने द्यायला दोन गाळे निघाले असते. हा हिशेब बायकोने माझ्या आधी केला होता. पाडण्यात आमचा फायदाच होता. पण आमच्यापैकी कोणीही न बांधलेली आणि तरी सगळ्यांच्या वाट्याला आलेली गावात तेवढी एकच वस्तू होती. ती एका उसाच्या हंगामासाठी घालवायची, हे मला पटेना.

शिनोलीकडून एका म्हाताऱ्या पाथरवटाला बोलावून आणलं. त्याने बुरुजावर तळहाताने थापट्या मारल्या, सांध्यात उगवलेला पिंपळ उपटून पाहिला आणि म्हणाला, “लई धड हाय. सिमेट लावू नका मातुर. दगडाला दम घिता येत न्हाई. चुना पायजे.” चुना, वाळू, त्याची आणि दोन गड्यांची मजुरी धरून त्याने अकरा हजार चारशे सांगितले. म्हणजे पाडण्यापेक्षा सहा हजार सहाशेने स्वस्त. आता कोणीही ऐकेल असं मला वाटलं.

ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. बाहेरगावचा, वक्तशीर, टेबल स्वच्छ ठेवणारा. तो म्हणाला, “काका, हे पैसे पाडायचे आहेत. दुरुस्तीचे नाहीत.”

“मग ग्रामनिधीतून करा.”

“वेस पंचायतीच्या वहीत नाही. वहीत नाही त्यावर खर्च केला तर ऑडिटला काय सांगू?”

“वहीत नाही तर पाडता कशी?”

“तो अडथळा आहे. अडथळ्याला मालकी लागत नाही.”

मी घरी येऊन दोन पेले पाणी प्यायलो. सांभाळायचं तर मालक दाखवा, पाडायचं तर कोणी विचारत नाही. असल्या नियमाखाली कुठल्या गावात जुनं बांधकाम राहील?

पण वाट त्यातच होती. घरपट्टीची आकारणी ज्या वहीत लिहितात तो नमुना आठ. त्यात वेस चढवावी, असा अर्ज मी ८ जूनला दिला आणि पोच घेतली. पुढचे सहा महिने अकरा वेळा विचारलं. उत्तर दर वेळी एकच: “चालू आहे.”

डिसेंबरात घरपट्टीचं बिल आलं. एक ओळ माझ्या घराची, चौऱ्याऐंशी रुपये. खाली दुसरी ओळ: “दगडी बांधकाम, रिकामे. अठ्ठावन्न रुपये.” नाव माझं. अर्जदाराचं नाव ग्रामसेवकाने मालकाच्या रकान्यात उतरवलं होतं. गावची वेस माझी झाली होती.

मी तडक गेलो. तो म्हणाला, “चूक झाली. पण नोंद काढायला आता ग्रामसभेचा ठराव लागेल.” चढवायला लागला नव्हता.

बिल भरलं नाही तर थकबाकीदार, भरलं तर मालक. मी अठ्ठावन्न रुपये भरले आणि पावतीच्या मागे “हरकत राखून” असं लिहून ग्रामसेवकाची सही घेतली.

जानेवारीत पाडकामाआधी इंजिनिअर जागा बघायला आले. त्यांनी वही मागवली, बोट फिरवलं, आणि म्हणाले, “ही खासगी मिळकत आहे. मालकाची संमती आणा, मग मशीन लावू.”

ही बातमी संध्याकाळच्या आत डेअरीवर पोचली. दूध घालायला गेलो तर कॅन खाली ठेवायच्या आत सुरू: “या, वेशीचं मालक! आता आत जायला टोल घेनार का, राव?” दुसरा म्हणाला, “पावन्यांना सूट द्या म्हंजी झालं.” हे हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या चुलतभावाने मान वर न करता म्हटलं, “नाटक चांगलं केलं. वेस वाचवतो म्हनत म्हनत गिळली.” त्यावर कोणी हसलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं त्या वर्षी तीन घरांतून आलं नाही.

२६ जानेवारीच्या सभेत सरपंचांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. “सही करा. पुढच्या मिनिटाला नाव काढतो तुमचं.”

“आधी पाडायचा ठराव रद्द करा. मग मी होऊन नाव काढा म्हणतो.”

“म्हंजी वेस तुमची हाय म्हना की!”

“माझी नाही.”

“मग सही करायला काय जातं?”

मी सोसायटीचे हिशेब लिहितो. पाच पैशांची चूक सापडेपर्यंत उठत नाही. आणि इथे सगळ्या गावासमोर एका खोट्या नोंदीला धरून बसलो होतो, कारण ती दुरुस्त केली तर वेस जाणार होती. घरी बायको म्हणाली, “अहो, सही करून टाका. दगडांसाठी मानसं कशाला तोडता?” मी सही केली नाही. पण तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

अठरा हजार ३१ मार्चपर्यंतच खर्च करायचे होते. त्या तारखेला ते परत गेले. मग सरपंचांचाही इंटरेस्ट संपला. १ मे १९९९ च्या सभेत मीच उभा राहून नाव काढा म्हणालो, पाडायचा ठराव रद्द करा आणि वेस पंचायतीच्या नावे लिहा. तिन्ही झालं. चुलतभावाने हात वर केला. बोलायला त्याला आणखी वर्ष लागलं.

नोंद होताच ग्रामनिधीतून खर्च करता येऊ लागला. एवढ्याशा ओळीसाठी वर्ष गेलं. तेव्हा दुसरी अडचण: दरपत्रकात सिमेंटचा दर होता, चुन्याचा नव्हता, आणि दर नाही ते काम इंजिनिअर मंजूर करेनात. शेवटी निव्वळ मजुरी म्हणून पाच हजार निघाले. पुढे ज्या ज्या सरपंचाने विचारलं, आणि विचारलं दोघांनीच, त्याला मी सांगितलं: गावात जुनं जे जे उभं आहे ते आधी वहीत घ्या, चुन्याचा दर ठरवून घ्या, आणि पाथरवटाला वर्षातून चार दिवस बोलवा. बोर्ड, उद्घाटन, काही नको. दोघांनीही मान डोलावली.

पाथरवटाने अकराही दगड आपापल्या जागी बसवले आणि पावसाआधी सांधे भरले. ६ जून १९९९ रोजी त्याला अकरा हजार चारशे रुपये पोचते झाले. त्यांतले पंचायतीचे पाच हजार, त्रेसष्ट घरांनी पन्नासप्रमाणे दिलेले तीन हजार एकशे पन्नास आणि उरलेले तीन हजार दोनशे पन्नास माझे. मी भरलेले घरपट्टीचे अठ्ठावन्न रुपये पंचायतीकडेच राहिले.