दुकानातला उजेड

“दुकानातला उजेड दुकानदाराचा असतो,” असं म्हणत बाई कापडाचा तागा काखेत मारून सरळ रस्त्यावर जात. भोरच्या बाजारपेठेतला कापडवाला आतून ओरडे, “मावशी, परत येताय ना?” आणि बाई उन्हात कापड पसरत उत्तर देत, “पळून कुठं जाऊ? येष्टीला अजून तास हाय.”

लोक शिवणयंत्र विकायला काढतात त्या वयात, निवृत्तीनंतर, मी त्यांच्या शिवणवर्गात नाव घातलं. माझी सारी नोकरी ग्रंथालयात गेलेली. मोठ्याने बोलायची सवय नव्हती. दुकानदाराने पुढे टाकलेलं पहिलं कापड बाजूला सारून ‘दुसरं दाखवा’ म्हणण्याचा मला संकोच वाटे, आणि मी तेच घेऊन घरी येई. असे काही तुकडे पाहिल्यावर बाई मला बाजारात सोबत नेऊ लागल्या.

तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल, ज्याला बसणं म्हणून जमत नाही. बाई कापड बेततानाही या पायावरून त्या पायावर होत. येष्टीत जागा मिळाली तरी मध्येच उठून दाराशी जाऊन उभ्या राहत. थोडक्या पैशांतलं कापड अंगावर भारी दिसावं, हा त्यांना लागलेला घोर. त्या कापड मुठीत चुरगाळत, सोडत, चुण्या किती रेंगाळतात ते पाहत. मग गळ्याशी धरत. “हाताला समदंच मऊ लागतं, मॅडम. मानंला इचारा.” मी झगमगत्या साटिनकडे वळले की दंड धरून मागे ओढत. “त्ये लांबनं वरडतंय. भारी कापड गप असतं.”

गप्प असण्याची एवढी स्तुती मी जन्मात प्रथमच ऐकत होते.

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. ते वरवे बुद्रुकला, घरापुढच्या अंगणातच व्हायचं होतं. लग्न बौद्ध पद्धतीचं, म्हणजे नवरीला पांढरी साडी. मुलगी पुण्यात नोकरीला, सासरही पुण्याचं. तिच्या मनात मोती आणि खडे लावलेली, भाड्याने मिळणारी साडी होती.

“परक्याची साडी नेसून लगीन? आन् सांजच्याला माघारी द्यायची?” बाई म्हणाल्या. “म्या करती.”

“कर,” मुलगी म्हणाली. “पण अंगावर स्वस्त दिसली, तर ऐनवेळी बदलेन. मला त्या माणसांत राहायचंय, आई.”

तिने भाड्याची साडी आणून घरच्या कपाटात ठेवलीसुद्धा. त्या दिवसापासून बाईंच्या पायांना थारा राहिला नाही. पांढऱ्या रंगाला लपायला जागा नसते. एक पांढरा निळसर निघे, दुसरा पिवळट, तिसऱ्यातून बोटं दिसत. भोर झालं, नसरापूर झालं. कुणी सांगितलं म्हणून सारोळ्यालाही जाऊन आलो. अखेर भोरच्या आमच्या नेहमीच्याच दुकानात, अगदी तळाशी, सायीच्या रंगाचं एक कॉटन सिल्क निघालं. त्याला चमक अशी नव्हती. फक्त चुणीच्या वळणावर उजेड किंचित थांबे. बाईंनी काठाला रुपेरी पट्टी लावली, उसवली, “लई बोलतीय,” म्हणत अरुंद करून पुन्हा लावली.

लग्नाच्या सकाळी लेक खिडकीशी उभी राहिली. आरशात पुष्कळ वेळ पाहून म्हणाली, “बरी दिसतीय.” बाईंनी ऐकलं न ऐकलं केलं आणि निऱ्या ओढत राहिल्या.

मांडवात पाऊल ठेवताच मात्र मुलगी थबकली. मांडवाचं छत गडद गुलाबी कापडाचं होतं आणि वरचं ऊन त्यातून गाळून उतरत होतं. सायीचा तो रंग क्षणात बालवाडीच्या नाटकातल्या परीसारखा झाला. तालुक्यातल्या सगळ्या दुकानांच्या उजेडावर संशय घेणाऱ्या बाईंना स्वतःच्या मांडवाचा उजेड तपासायचं सुचलंच नव्हतं.

“आई, गुलाबी झाली ही! मी बदलून येते.”

“थांब.”

“सगळे बघतायत गं.”

“बगू दे. तू हितनं हलू नगंस.”

बाई मांडववाल्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “स्टेजावरचं छताचं कापड काढ.”

“अवो मावशी, पावन्यांला ऊन लागंल!”

“लागू दे.”

“वंदना सुरू व्हायची येळ झाली—”

“म्हनून तर म्हनती, बिगीनं चड.”

तो शिडी शोधेपर्यंत बाई खुर्चीवर चढून दोरीची गाठ सोडू लागल्या होत्या. कापड सुटलं, ऊन सरळ खाली आलं आणि साडी पुन्हा आपल्या रंगावर आली. नवऱ्याकडच्या एक आजी डोळ्यांवर हात धरून जवळ आल्या. पदर चिमटीत घेऊन त्यांनी विचारलं, “कुठनं घेतली गं?”

मुलीने एकदा घराच्या दाराकडे पाहिलं; कपाट आतच होतं. मग खांद्यावरचा पदर सारखा केला.

“आईनं केली,” ती म्हणाली, आणि उन्हात जाऊन उभी राहिली.

मंगल परिणय घामाने निथळत पार पडला. फोटोंत साऱ्यांचेच डोळे बारीक झालेले आहेत. बाई खुर्चीवरून खाली उतरल्या आणि त्याच खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांना निवांत बसलेलं मी पाहिलं ते तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या.

परवा मी एकटीच त्या दुकानात गेले. आता तिथे नवे, पांढरेशुभ्र दिवे आहेत. “इथंच बघा की, मॅडम. लख्ख उजेड केलाय,” कापडवाला म्हणाला. मी तागा काखेत घेतला आणि बाहेर आले. उन्हात कापड चुरगाळलं, सोडलं, गळ्याशी धरलं. मान काय सांगते ते मला अजून नीट ऐकू येत नाही. मी या पायावरून त्या पायावर होत उभी राहिले.

“मॅडम, परत येताय ना?” आतून आवाज आला.

“पळून कुठं जाऊ?” मी ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली. “येष्टीला अजून तास हाय!”

आत कापडवाला मोठ्याने हसला. आणि मग दाराशी येऊन माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागला.