हद्दीचा दगड

शेजारच्या रानात नांगरट चालली होती. मोठा ट्रॅक्टर वळताना दरवर्षीसारखा आमच्या बांधात वीतभर शिरला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेला.

माझा भाचा सैन्यात आहे, लडाखला. रजेवर आला होता. तो बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, तिकडंही असंच चालतं."

या बांधावरून पूर्वी बैलगाडी जायची. आता आम्ही दोघं एकामागे एक चालत होतो. शेजारी आमचा बैल मागून न्यायचा, तेव्हा बांध शाबूत होता. त्याच्या दारात ट्रॅक्टर आला, बंगला उठला आणि त्याला रान पुरेना. वीतभर मातीसाठी कुठं भांडायचं, म्हणून आपण गप्प बसतो. पुढच्या वर्षी तीच त्याची जुनी हद्द होते. आणि संध्याकाळी तो आपल्याच ओट्यावर चहा प्यायला येतो. डोंगरापलीकडचा तो वाढता देशही असाच सरकतो. आधी रस्ता, मग तंबू, मग छावणी. मधूनमधून हसून हस्तांदोलन. त्याच्या भोवतीचे सगळेच शेजारी रोज आपापला बांध बघत असतील.

हद्दीचा दगड कलंडला होता. भाच्यानं तो उचलून जागेवर रोवला, पायानं माती दाबली. उद्या त्याची रजा संपत होती.

"तिकडं हद्दीला कसले दगड असतात रे?" मी सहज विचारलं.

"दगड नसतात, मामा," तो हात झटकत म्हणाला. "आम्हीच उभे असतो."