दौऱ्यावर गेलेत

उत्तरेत स्थायिक झालेल्या आमच्या घरात ‘दौरा’ हा शब्द मराठीत बोलला जायचा आणि गल्लीत तो हिंदीत ऐकला जायचा. मराठीत दौरा म्हणजे पुढाऱ्याचा प्रवास. हिंदीत तो अर्थ आहेच, पण एखाद्याला झटका आला तरी ‘दौरा पड़ा’ म्हणतात. माझे धाकटे काका ब्रह्माघाटाचे नगरसेवक होते आणि त्यांना दोन्ही लागू होतं.

वर्षातून केव्हातरी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे, ते आठवडेच्या आठवडे. आंघोळ नाही, धड जेवण नाही, कोणाशी बोलणं नाही. दाराशी कोणी गटाराची तक्रार घेऊन आलं की काकू मला पुढे करायची. “सांग, दौऱ्यावर गेलेत.” मी सांगायचे. कुठे विचारलं तर कधी लखनौ, कधी दिल्ली.

मग एके दिवशी काका उठायचे आणि गल्लीचं नशीब उघडायचं. पूर ओसरल्यावर घाटावर साचलेला गाळ काढायला स्वतः फावडं घेऊन उतरायचे, उजाडायच्या आत पाणीखात्याच्या इंजिनीअरला फोन लावायचे, समोर येईल त्याला वचन देऊन मोकळे व्हायचे. झोप नाही, भूक नाही. “नेता हो तो ऐसा!” हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. रात्र रात्र न झोपलेला माणूस या लोकांना कर्तबगार वाटत होता! आणि घरात काकू गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन त्यांच्या मागे मागे.

“दवाई घेतली का हो?”

“अगं, ती घेतली की मी सुस्त होतो. सुस्त माणसाला मत कोण देणार?”

त्यांचं चुकत नव्हतं, हेच वाईट होतं.

डॉक्टरांनी आजाराला बायपोलर म्हटलं होतं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, असंही बजावलं होतं. निवडणूक तोंडावर आली तेव्हा काका महिनाभर पडून नुकतेच सावरले होते, गोळ्या घेत होते, बोलणं शांत होतं. एका दुपारी चहा पिताना म्हणाले, “या वेळी लोकांना सांगूनच टाकतो.”

काकू घाबरली. “पागल म्हणतील.”

“म्हणू देत. निदान आजारी पडलो तर घरात आजारी म्हणून पडता येईल.”

बालाजी घाटाजवळ सभा होती. आम्ही दोघी बायकांच्या बाजूला बसलो होतो. काकूने माझं मनगट घट्ट धरलं होतं. काका माइकसमोर आले आणि म्हणाले, “आप लोग पूछते थे, नेताजी कहाँ गए. घरवाले कहते थे, दौरे पर. भइया, हम दौरे पर नहीं थे. हमको दौरा पड़ा था.”

हशा पिकला. शिट्ट्या वाजल्या. काका थांबले. “सच कह रहे हैं,” ते म्हणाले. लोक आणखी हसले. काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग तेही हसले. हात जोडून खाली उतरले.

घरी आल्यावर एवढंच बोलले, “सांगून झालं बघ.” पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. निवडणूक जिंकले. गोळ्या सुटल्या. आमचं त्यांना दौऱ्यावर पाठवणं पुन्हा सुरू झालं.

गेल्या थंडीत काका हृदयविकाराने गेले. शोकसभेत त्यांच्या पक्षाचे एक ज्येष्ठ नेते बोलायला उभे राहिले. “कितने मज़ाकिया आदमी थे,” म्हणाले आणि दौऱ्याचा तोच किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. लोक डोळे पुसत हसले. मला त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यावासा वाटला.

पहिल्या रांगेत बसलेली काकू एकदम म्हणाली, “चेष्टा नव्हती ती.”

मराठीत म्हणाली. आयुष्यभर हे दुखणं ती मराठीतच बोलली होती, दार लावून. नेत्यांना वाटलं, ती आभार मानतेय. त्यांनी वाकून तिला नमस्कार केला.

मी उठले. माइक मागून घेतला. “चाची कह रही हैं, वो मज़ाक नहीं था. चाचा बीमार थे. उन्होंने आप लोगों को बताया था.”

कोणी हसलं नाही. बालाजी घाटाजवळच्या त्या सभेत काकांना एवढंच हवं होतं.