मुऱ्हाळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायला मुऱ्हाळी गेला पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. मुऱ्हाळी म्हणजे तिचा भाऊ, नाहीतर बाप, चुलता. बाई मुऱ्हाळी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. दिवाळीला मुलाला पुण्यात सुटी मिळाली नाही आणि माझी लेक सासरीच राहिली. आखाजीलाही त्याला सुटी नाही, आणि यांचा पाय प्लास्टरात. फोनवर लेक म्हणाली, "राहू दे आई." आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. दोन सण माहेराहून कोणी आलं नाही, तर बाईला काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे.

"मी जातो स्कुटीनं," मी म्हणाले.

हे हसले. "बाजारापावतर गेली तरी घामाघूम होतं तू. अन् घाट उतरशीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत निघाले.

बुलढाणा मागे पडलं आणि राजूरचा घाट लागला. दोन्ही ब्रेक मुठीत आवळून धरले होते. मागचे ट्रक हॉर्न देत, मी आणखी कडेला सरकायची, तर तिथं कठड्यावर माकडं. एका वळणावर जळका वास आला. थांबून पाहिलं, चाक हात लावू देईना. ते थंड होईपर्यंत उभं राहावं लागलं. येणारे-जाणारे बघत होते, म्हणून मी फोन कानाला लावून बोलायचं नाटक केलं. पलीकडे कोणी नव्हतं.

मोताळ्यापासून सगळं सपाट. आमच्याकडे रस्ता पुढच्या वळणापर्यंतच दिसतो, इथं तो संपतच नव्हता. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं आणि तोंडावर गरम वारा. घाटात वळणांची भीती होती. ती गेली आणि नको ते विचार आत शिरले. पाठवलं नाही तर? नुसता चहा पाजून परत लावलं तर? नांदुरा कधी आलं आणि गेलं कळलं नाही. गाडी पळत होती तरी मला वाटे, मी जागीच आहे.

लेकीच्या गावाजवळ आले आणि गाडी हळू केली. स्कुटीवरची विहीण बघायला गाव गोळा होईल. मी गाडी फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागे लावली, तोंडाचा रुमाल सोडला, डोक्यावर पदर घेतला आणि एसटीतून उतरल्यासारखी चालत गेले.

लेकीनं पाणी आणलं. तिकडचं खारं पाणी. तांब्या देताना ती माझ्या मागे दाराकडे बघत होती.

"मुऱ्हाळी कुठं हाय, ईनबाई?" विहीणबाईंनी विचारलं.

"मीच आली."

"अन् सोबत?"

"कोणी नाही."

व्याही ओसरीवर बसले होते. माझ्याशी न बोलता ते बायकोला म्हणाले, "त्याइले सांग, सणाची गर्दी हाय. एसटीत पाय ठेवाले जागा नाही, दोघी बाया कशा जातीन? पोराले सुटी भेटली का न्या म्हणा."

लेक चुलीकडे वळली. मला तिची पाठ दिसली. पदर तोंडाशी धरून मी म्हणाले, "एसटीनं नाही. गाडी आणली."

"गाडी?" विहीणबाई उठल्या. "मंग डायवर उन्हात काऊन बसवला? बोलवा त्याले जेवाले."

"डायवर मीच हाव."

विहीणबाईंनी दारातून बाहेर डोकावून पाहिलं.

"घाटातून? एकटी? अन् गाडी कुठं हाय?"

"फाट्यावर लपवली. लाज वाटली मले."

विहीणबाई हसत खालीच बसल्या. "अहो, ऐकलं काय? ईनबाईनं मुऱ्हाळी फाट्यावर लपवला!"

व्याही हसले नाहीत. "घाटात पोरगी पडली त?"

ही भीती माझीच होती. रस्ताभर तीच घेऊन आले होते. खोटं काय सांगू? म्हणाले, "घाटात नाही बसवत तिले. मोताळ्यात एसटीत बसवतो. तिथून जागा भेटते. मी एसटीच्या मागं मागं येतो."

त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "मुऱ्हाळ्याले जेवू घाला."

आत भांडं पडलं. लेकीच्या हातून.

जेवण झाल्यावर विहीणबाईंनी मुऱ्हाळ्याच्या मानाचा टॉवेल आणि पांढरी टोपी माझ्या ओटीत टाकली. "रीत ते रीत. घालून दाखवा बरं!" मी घातली नाही. लेकीनं घातली आणि दोघी सासू-सुना दारात हसत सुटल्या.

मोताळ्यापर्यंत ती मागे बसली होती, तिचा हात माझ्या खांद्यावर. तिथं तिला एसटीत बसवलं. घाटात एसटी वळणाआड गेली की मी रेस वाढवायची, आणि गाडी चढावर कण्हायची. शेवटी एसटी दिसेनाशीच झाली.

वर पोचले तेव्हा लेक स्टॉपवर पिशवी घेऊन उभी होती.

"कितीक हळू चालवतं आई तू," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले आणाले आता मीच खाली जातो."